'एच', 'एल' आणि टेन्शन

हिमोग्लोबिन कमी, शुगर बॉर्डरवर... हेल्थ चेकअपच्या रिपोर्टमधले हे दोन ठळक आकडे आपण सुटे सुटे वाचतो. पण रक्तात ते एकमेकांना चिकटलेले असतात. अगदी अक्षरशः!

ऑफिसचं अ‍ॅन्युअल हेल्थ चेकअप म्हणजे अर्ध्या दिवसाची पिकनिकच. उपाशीपोटी कॉन्फरन्स रूमबाहेर रांग, दंडाला पट्टा, सुई, कापसाचा बोळा आणि मग कंपनीच्या खर्चाने इडली-वडा. खरी गंमत सुरू होते ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पीडीएफ आल्यावर. बारा-पंधरा पानं, ढीगभर आकडे. ते सगळे वाचणार कोण? आपण स्क्रोल करत फक्त ठळक अक्षरं शोधतो. ज्याच्यापुढे 'एच' तो आकडा जास्त, ज्याच्यापुढे 'एल' तो कमी. मग गुगल. मग टेन्शन. मग आईला फोन. आई म्हणते, ''बीट खा, खजूर खा आणि चहातली साखर बंद कर.'' विषय संपला!

खरं तर तो इथून सुरू व्हायला हवा. कारण 'एच' आणि 'एल' ही अक्षरं कॉम्प्युटर टाकतो. आकडा ठरलेल्या चौकटीच्या बाहेर गेला की तो ठळक होतो, बस्स. तुम्ही कोण, तुमच्या रक्तात आणखी काय चाललंय, याच्याशी त्या कॉम्प्युटरला काही देणंघेणं नसतं. आणि हिमोग्लोबिन व शुगर या दोन ओळींच्या बाबतीत नेमका तिथेच घोळ होतो.

दोन रिपोर्ट, दोन कोडी

समजा, आपल्यासमोर दोन रिपोर्ट आहेत.

पहिला २७ वर्षांच्या एका मुलीचा. हिमोग्लोबिन ९.८. लाल पेशींचा आकार सांगणारा एमसीव्ही ७०, म्हणजे पेशी लहान. उपाशीपोटीची शुगर ८८, एकदम मस्त. आणि एचबीएवनसी ६.१. लॅबच्या अ‍ॅपवर लाल पट्टी झळकते : 'प्रीडायबेटिस'.

दुसरा ३१ वर्षांच्या एका सडपातळ मुलाचा. हिमोग्लोबिन १२.३, एमसीव्ही ६४. लाल पेशींची संख्या मात्र ६२ लाख, म्हणजे भरपूर. एचबीएवनसी ५.४, त्यापुढे हिरवी टिकमार्क. आणि उपाशीपोटीची शुगर ११८.

पहिलीला डायबेटिसच्या उंबरठ्यावर उभं केलंय, दुसऱ्याला पास केलंय. दोन्ही निकाल चुकीचे असू शकतात. कसे, ते कळायला आधी ही एचबीएवनसी नावाची भानगड समजून घेऊ.

रक्तातला डबेवाला

हिमोग्लोबिन म्हणजे लाल रक्तपेशींमधलं लोह असलेलं प्रथिन. फुप्फुसातून प्राणवायू उचलायचा आणि शरीरभर घरपोच करायचा, हे त्याचं काम. थोडक्यात, रक्तातला डबेवाला! आता हा डबेवाला ज्या रस्त्याने फिरतो त्या रस्त्यावर साखरेचा पाक सांडलेला आहे असं समजा. पाक जितका जास्त, तितका तो त्याच्या अंगाला जास्त चिकटणार. आणि एकदा पक्का चिकटला की ती लाल पेशी संपेपर्यंत निघत नाही. एचबीएवनसी ६.१ टक्के म्हणजे दर शंभर डबेवाल्यांमागे साधारण सहा जणांना पाक चिकटलाय.

लाल पेशीचं आयुष्य साधारण १२० दिवसांचं. त्यामुळे ही टेस्ट गेल्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब मांडते. त्यातही शेवटच्या महिन्याचा वाटा सगळ्यात मोठा. चेकअपच्या आदल्या चार दिवसांत गोड सोडून हिला फसवता येत नाही, म्हणून डॉक्टरांची ती लाडकी. डायबेटिस असलेल्या लोकांच्या रक्तात हे वेगळं हिमोग्लोबिन जास्त असतं, हे इराणचे डॉ. सॅम्युअल रहबर यांनी तेहरानमध्ये काम करताना पाहिलं आणि १९६८ मध्ये जगापुढे आणलं. डायबेटिसचं निदान करायला या टेस्टला अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०१० मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मान्यता दिली. आज तर ती प्रत्येक 'फुल बॉडी' पॅकेजमध्ये असते.

पण या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. डबेवाला नेहमीचा आहे आणि तो ठरलेले १२० दिवसच रस्त्यावर आहे, ही. हे गृहीतक बिघडलं की पाक तेवढाच असूनही टक्केवारी बदलते.

लोह कमी, 'शुगर' जास्त!

पहिल्या रिपोर्टमधल्या मुलीकडे परत येऊ. तिचं हिमोग्लोबिन कमी आणि पेशी लहान. आपल्याकडे याचं सगळ्यात कॉमन कारण म्हणजे लोहाची कमतरता. लोह कमी पडलं की नव्या पेशी तयार होण्याचा वेग मंदावतो. मग रस्त्यावर जुन्या डबेवाल्यांचं प्रमाण वाढतं, आणि जुन्यांना पाक जास्त चिकटलेला असणारच. सर्वसाधारणपणे दिलं जाणारं स्पष्टीकरण हे असं. परिणाम असा की शुगर नॉर्मल असतानाही एचबीएवनसी थोडी फुगून येऊ शकते. बी-ट्वेल्व्ह किंवा फोलेट कमी असेल तरीही हे होऊ शकतं.

हे काही पुस्तकी कोडं नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटल रिसर्च सेंटरमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमने पुण्यातल्या विशीतल्या ११६ तरुण-तरुणींची तपासणी केली. तो अभ्यास २०१२ मध्ये 'डायबेटिस केअर' या जर्नलमध्ये आला. ग्लुकोज पाजून दोन तासांनी शुगर मोजण्याच्या पारंपरिक पद्धतीने त्यांच्यातले सुमारे ८ टक्के प्रीडायबेटिक निघाले. त्याच मुलांची एचबीएवनसी केली तर तब्बल २३ टक्के! या फरकामागच्या कारणांमध्ये एक होतं लोहाची कमतरता आणि कमी हिमोग्लोबिन.

आता हे मोठ्या चित्रात ठेवून बघा. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के बायका आणि २५ टक्के पुरुष अ‍ॅनिमिक होते. महाराष्ट्रात बायकांचं प्रमाण ५४ टक्के. म्हणजे ज्या देशात निम्म्याहून अधिक तरुणींच्या रक्तात डबेवालेच कमी आहेत, तिथे आपण डबेवाल्यांवरून पाकाचा अंदाज बांधतोय. एखाद्या मुलीला केवळ या आकड्यामुळे 'तुला शुगर आहे' असं सांगितलं गेलं, तर घरात काय काय सुरू होतं हे वेगळं सांगायला नको. भात बंद, आंबा बंद, स्थळं बघणाऱ्यांची कुजबुज सुरू... आणि ज्याचा उपचार व्हायला हवा होता ते लोह राहतं बाजूलाच!

म्हणून तिने काय करायचं? फेरिटिन ही टेस्ट करायची. शरीराच्या गोदामात लोहाचा किती साठा उरलाय ते ती सांगते. लोह का कमी झालं तेही शोधायचं. पाळीत फार रक्तस्राव होतो का, पोटाचं काही दुखणं आहे का? मुलांच्या बाबतीत तर हा प्रश्न जास्तच महत्त्वाचा. पुरुषाचं लोह कमी निघालं तर मूळव्याध, अल्सर असा कुठे छुपा रक्तस्राव नाही ना, हे बघावंच लागतं. नुसतं बीट खाऊन हे भागत नाही. बीटचा रंग लाल असला तरी त्यात लोह बेताचंच. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर हिमोग्लोबिन नॉर्मल झाल्यावरही साठा भरून निघेपर्यंत, म्हणजे आणखी सुमारे तीन महिने, घ्याव्या लागतात. गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, लिंबू सरबताबरोबर चालेल. त्यात साखर नको, एवढंच!

आणि शुगरचा निकाल? तो उपाशीपोटीच्या आणि ग्लुकोजनंतरच्या टेस्टवर लावायचा. एचबीएवनसी परत करायची ती लोह भरून निघाल्यावर, साधारण तीन महिन्यांनी. मधेच केली तर उलटी गंमत होते. गोळ्या सुरू झाल्या की नव्या कोऱ्या पेशींची भरती होते आणि आकडा तात्पुरता खाली येतो.

'म्हणजे मला काही नाही ना?' थांबा!

इथपर्यंत वाचून काहींनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल. पण एचबीएवनसी कधीकधी फुगते, म्हणजे दर वेळी ती खोटीच असते, असं नव्हे. हिमोग्लोबिन, एमसीव्ही सगळं ठीक आणि तरीही ६.१ आली असेल, तर तो इशारा खरा समजायचा. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीचा अंदाज आहे की देशात १०.१ कोटी लोकांना डायबेटिस आहे आणि १३.६ कोटी लोक प्रीडायबेटिक आहेत.

'मी तर बारीक आहे' ही पळवाटही चालणार नाही. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दोन शास्त्रज्ञांचा एक फोटो छापून आला होता, पुण्याचे हेच डॉ. याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! वजनकाटा दोघांना एकच मार्क देतो, आतली गोष्ट वेगळीच. आपण भारतीय हे असे 'बारीक-जाडे'. हातपाय काटकुळे, चरबी पोटाभोवती. दिवसाचे दहा तास खुर्चीत काढणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नकोच.

हिरव्या टिकमार्कचा धोका

आता दुसरा रिपोर्ट. एचबीएवनसी ५.४ म्हणून पास झालेला मुलगा. बऱ्याच लॅब एचबीएवनसीच्या खाली 'सरासरी अंदाजे ग्लुकोज' अशी एक ओळ छापतात. ५.४ साठी ती सरासरी येते १०८. आणि या मुलाची उपाशीपोटीची शुगर आहे ११८. दिवसभरातल्या सगळ्यात रिकाम्या वेळी ११८ आणि दिवसभराची सरासरी १०८? गणित बसत नाही ना? एखाद्या दिवशी झोप झाली नाही, रात्री उशिरा दाबून जेवण झालं, म्हणून उपाशीपोटीचा आकडा वर जाऊ शकतो. पण परत मोजूनही तेच आलं तर शंका एचबीएवनसीवर घ्यायची.

याचं कारण त्याच्याच रिपोर्टमध्ये दडलेलं आहे. पेशी खूप लहान, पण संख्येने भरपूर. लोह कमी असतं तेव्हा सहसा संख्याही घटते. इथे उलटं आहे. १९७३ पासून डॉक्टर एक सोपा भागाकार वापरतात, त्याला मेंट्झर इंडेक्स म्हणतात. एमसीव्हीला लाल पेशींच्या दशलक्षांतल्या संख्येने भागायचं. उत्तर १३ पेक्षा कमी आलं तर थॅलेसेमिया मायनरचा संशय घ्यायचा. आपल्या मुलाचं उत्तर येतं ६४ भागिले ६.२, म्हणजे साधारण १०.

थॅलेसेमिया मायनर हा आजार नव्हे. आईकडून किंवा वडिलांकडून हिमोग्लोबिनच्या कृतीतला एक दोष वारशाने आलेला असतो, इतकंच. माणूस धडधाकट असतो, मॅरेथॉनसुद्धा पळतो. पण रक्तातले डबेवाले वेगळे असल्याने एचबीएवनसी खालीवर होऊ शकते. किती आणि कुठल्या दिशेने, ते हिमोग्लोबिनच्या प्रकारावर आणि लॅबच्या मशीनच्या पद्धतीवरही अवलंबून असतं. सिकलसेल आजार असेल तर लाल पेशी लवकर मरतात, डबेवाल्याला पाक चिकटायला वेळच मिळत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. मोठा रक्तस्राव झाला असेल, नुकतंच रक्त चढवलं असेल, किडनीचा जुनाट आजार असेल, तेव्हाही या टेस्टवर विसंबता येत नाही. गरोदरपणात तर शुगरचं निदान ग्लुकोज पाजूनच करतात.

अशा वेळी उपाशीपोटीची आणि ग्लुकोजनंतरची शुगर, दोन-तीन आठवड्यांचा अंदाज देणारी फ्रुक्टोसामिन टेस्ट किंवा दंडावर चिकटवायचा ग्लुकोज सेन्सर, असे पर्याय आहेत. त्यातला आपल्याला कुठला, ते डॉक्टरांनी ठरवायचं.

पत्रिका नको, एचपीएलसी बघा!

आणि आता खरा मुद्दा. या मुलाने शुगरचं काय ते बघावंच, पण त्याहून मोठी गोष्ट आहे त्याच्या लग्नाची. थॅलेसेमिया मायनर असलेल्या माणसाचं दुसऱ्या मायनर असलेल्या माणसाशी लग्न झालं, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता २५ टक्के असते. अशा बाळाला आयुष्यभर दर काही आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. शरीरात साठणारं लोह बाहेर काढायला औषधं घ्यावी लागतात, ती वेगळीच. एकच जोडीदार मायनर असेल, तर मेजर बाळाची भीती सहसा नसते. म्हणून मायनर निघालेल्याने लग्न करू नये असं अजिबात नाही. जोडीदाराची टेस्ट करून घ्यायची, एवढंच. दोघंही मायनर निघाले तरी जनुकीय सल्ला आणि गर्भाची तपासणी हे मार्ग आहेत. प्रश्न फक्त वेळेवर कळण्याचा आहे.

सिंधी, पंजाबी, गुजराती लोहाणा, कच्छी अशा काही समाजांत याचं प्रमाण जास्त असल्याचं माहीत आहे, पण म्हणून इतरांनी निर्धास्त राहू नये. सिकलसेलची हीच कथा. विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात तो बराच आढळतो, आणि तिथली मुलं-मुली आज पुण्या-मुंबईच्या ऑफिसांत आपल्या शेजारी बसलेली असतात. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. २०४७ पर्यंत हा आजार हटवायचं तिचं उद्दिष्ट आहे.

हे सगळं ओळखणारी टेस्ट म्हणजे हिमोग्लोबिनची एचपीएलसी. आयुष्यात एकदाच करायची. त्यात हिमोग्लोबिन एटू हा प्रकार साधारण ३.५ टक्क्यांच्या वर गेला तर मायनरची शक्यता. मात्र लोह फार कमी असेल तर एटू दबून दिसू शकतं, म्हणून आधी लोहाकडे बघणं बरं. आणि ही टेस्ट न करता 'रक्त कमी आहे' म्हणून वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या गिळत राहणं, हा मायनर असलेल्यांच्या बाबतीत होणारा नेहमीचा घोटाळा. लोह कमी नसेल तर त्या गोळ्यांचा उपयोग शून्य.

हिमोग्लोबिन १७? टाळ्या नकोत

'एल'ची भीती वाटते, पण हिमोग्लोबिनपुढे 'एच' आला की मुलं कॉलर ताठ करतात. तसं करू नका. आदल्या दिवशी पाणी कमी प्यायल्यानेही आकडा वर जातो, ते एक वेळ ठीक. पण सिगरेट हे मोठं कारण आहे. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला घट्ट धरून बसतो, प्राणवायूला जागा उरत नाही, मग शरीर आणखी हिमोग्लोबिन बनवतं. म्हणजे सिगरेट ओढणाऱ्याचा नॉर्मल आकडाही फसवा असू शकतो. झोपेत जोरात घोरणं, श्वास अडकणं, जिममध्ये कुणीतरी दिलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं, ही आणखी काही कारणं. पुरुषांत १६.५ आणि बायकांत १६ च्या वर आकडा वारंवार येत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

झाकणाचा रंग बघा

रक्त द्यायच्या आधी किमान आठ तास उपाशी राहायचं. पाणी चालेल, चहा नको. घरी रक्त घ्यायला माणूस येतो तेव्हा ट्यूबच्या झाकणांकडे लक्ष द्या. हिमोग्लोबिन आणि एचबीएवनसी जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये, शुगर करड्या झाकणाच्या. करड्या ट्यूबमध्ये फ्लोराइड असतं. ते नसेल तर काढलेल्या रक्तातल्या पेशी साखर खातच राहतात आणि साध्या तापमानाला दर तासाला शुगर ५ ते ७ टक्क्यांनी घसरू शकते. सकाळी सातला घेतलेलं रक्त मे महिन्याच्या उन्हात शहरभर फिरून दुपारी लॅबमध्ये पोचलं, तर रिपोर्ट उगाचच गोड बातमी देईल.

आकडे जवळ ठेवा

- अ‍ॅनिमिया : हिमोग्लोबिन बायकांत १२ पेक्षा कमी, गरोदरपणात ११ पेक्षा कमी, पुरुषांत १३ पेक्षा कमी.
- एमसीव्ही : ८० पेक्षा कमी असेल तर लोह किंवा थॅलेसेमिया मायनर, १०० पेक्षा जास्त असेल तर बी-ट्वेल्व्ह किंवा फोलेट, असा पहिला संशय.
- उपाशीपोटीची शुगर : १०० पेक्षा कमी नॉर्मल, १०० ते १२५ प्रीडायबेटिस, १२६ पासून पुढे डायबेटिस.
- ७५ ग्रॅम ग्लुकोजनंतर दोन तासांनी : १४० पेक्षा कमी नॉर्मल, १४० ते १९९ प्रीडायबेटिस, २०० पासून पुढे डायबेटिस.
- एचबीएवनसी : ५.७ पेक्षा कमी नॉर्मल, ५.७ ते ६.४ प्रीडायबेटिस, ६.५ पासून पुढे डायबेटिस.
- खूप तहान, वारंवार लघवी, वजन घटणं अशी काही लक्षणं नसतील, तर एकाच आकड्यावर डायबेटिसचा शिक्का मारत नाहीत. दुसरा पुरावा लागतो. लक्षणं असतील तर मात्र पुढच्या चेकअपची वाट बघू नका.

आणि डॉक्टरांकडे जाल तेव्हा फक्त ठळक ओळीचा स्क्रीनशॉट नको, अख्खा रिपोर्ट न्या. जमलं तर मागच्या वर्षीचाही. तीन प्रश्न नक्की विचारा. माझं हिमोग्लोबिन असं असताना ही एचबीएवनसी खरी धरायची का? माझ्या पेशी लहान आहेत त्या लोहामुळे की वारशामुळे? आणि ही टेस्ट परत कधी करायची? यातल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'वारशामुळे' असं आलं, तर रिपोर्ट भावंडांनाही फॉरवर्ड करा. तो एकट्या तुमचा नाही.